क्रोमोग्रॅनिन ३१२ आलंय. जठरातल्या हार्मोनच्या पेशींचा आणि आयबीएसचा संबंध काय?

डबलबेल
मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी इथे फक्त वाचायला येतो, लिहीत कधी नाही. आज झोप येत नाहीये आणि घरात सांगायची सोय नाही, म्हणून लिहितोय.

वय ४३. एसटीत वाहक, १६ वर्षं झाली. सध्या मिरज-पंढरपूर, सकाळची गाडी. पोटाचं दुखणं साडेतीन वर्षांपासून. पहाटे चहा पोटात गेला की दहा मिनिटांत पळायचं. घर सोडेपर्यंत तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला होत काहीच नाही, नुसती कळ आणि थोडी आव. मशीन गळ्यात अडकवून तिकिटं द्यायला उभा राहिलो की कवठेमहांकाळच्या आधीच बेंबीखाली पिळवटायला लागतं. कुठल्या स्टँडच्या संडासाला आतून कडी आहे, कुठे बादलीत पाणी असतं, नागज फाट्यावर कुठल्या हॉटेलात न विचारता मागच्या बाजूला जाता येतं, हे मला रूटच्या भाड्यासारखं तोंडपाठ झालंय. प्रवाशांना वाटतं मास्तर चहाला उतरला. संडासला होऊन गेलं की कळ थांबते. सुट्टीच्या दिवशी त्रास निम्मा.

दोन वर्षांपूर्वी तोंडातून दुर्बीण घालून झाली. जठराला किरकोळ सूज, जंतू नाहीत, असा रिपोर्ट. तेव्हापासून पँटोप्राझोल रोज उपाशीपोटी घेतोय. बंद करा असं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एक डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे (इरिटेबल बॉवेल, म्हणजे चिडखोर आतडं), टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले मनाचं आहे. माझ्या मनाचा आणि संडासाचा संबंध नेमका कुठून जातो, ते दोघांनीही सांगितलं नाही.

मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने कुठेतरी वाचलं की जठरात आणि आतड्यात हार्मोन बनवणाऱ्या पेशी असतात आणि आयबीएसवाल्यांच्या त्या कमी-जास्त झालेल्या सापडतात. त्याच आठवड्यात एका लॅबची जाहिरात मोबाइलवर आली, पोटाच्या हार्मोनचं पॅकेज, साडेचार हजार रुपये. केलं. सेरोटोनिन नॉर्मल. क्रोमोग्रॅनिन ए मात्र ३१२, मर्यादा १०० च्या आत. ठळक अक्षरात छापलंय. रिपोर्ट देणारा पोरगा म्हणाला डॉक्टरांना दाखवा. त्याआधी मी मोबाइलवर शोधलं आणि पहिल्याच ओळीत ट्यूमर वाचला.

डॉक्टर शनिवारी भेटणार. तोपर्यंत कुणी जाणकार असेल तर सांगा: हा आकडा कशाचा? दुर्बिणीच्या वेळी तुकडा काढला होता, त्यात त्या पेशी मोजलेल्या असतात का? आणि कमी झाल्या असतील तर वाढवता येतात का?

निवांत७१
बुधवार, सकाळी ६:०५

दादा, कशाला पेशी नि हार्मोन मोजत बसताय? पहाटे कोमट पाणी, दहा मिनिटं अनुलोम-विलोम, रात्री सातच्या आत जेवण. माझं पित्त २० वर्षांचं होतं, पळालं. मन शांत तर पोट शांत.

डबलबेल
बुधवार, सकाळी ९:५०

काका, रात्री सातला मी पंढरपुरातून निघालेल्या गाडीत असतो. बाकी प्रयत्न करतो.

सूक्ष्मदर्शी
बुधवार, दुपारी २:३०

मास्तर, आधी एक तांब्या पाणी प्या आणि तो रिपोर्ट उलटा करून ठेवा.

मी पॅथॉलॉजिस्ट. ३१ वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजात स्लाइडी बघितल्या, आता रिटायर होऊन रत्नागिरीला आंब्याची कलमं बघते. तुमचा तुकडा मी पाहिलेला नाही, तेव्हा निदान करत नाहीये. पण ३१२ वाचल्यावर माझी नजर तुमच्याच एका वाक्यावर अडकली: पँटोप्राझोल रोज, दोन वर्षं.

ह्या गोळीने जठरातलं आम्ल कमी होतं. जठराच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, जी नावाच्या पेशी असतात. आम्ल कमी झालंय हे त्यांना कळलं की त्या गॅस्ट्रिन हार्मोन सोडत राहतात, आम्ल वाढवा म्हणून. ते गॅस्ट्रिन रक्तातून जठराच्या वरच्या भागातल्या ईसीएल पेशींकडे जातं. त्या हिस्टामिन बनवतात, आणि त्यांच्या दाण्यांत क्रोमोग्रॅनिन ए ठासून भरलेलं असतं. त्यांना महिनोन्महिने चाबूक बसत राहिला की त्या फुगतात, थोड्या वाढतात आणि रक्तातलं क्रोमोग्रॅनिन चढतं. गोळी चालू असताना आकडा दुप्पट-तिप्पट येणं ही आमच्याकडची नेहमीची गंमत. मूत्रपिंड नीट चालत नसेल तरीही तो चढतो. म्हणून ही तपासणी करायची झाली तर आधी निदान दोन आठवडे ती गोळी थांबवायची असते. मुळात ही तपासणी न्यूरोएंडोक्राइन गाठीचं, म्हणजे ह्याच हार्मोनवाल्या पेशींच्या ट्यूमरचं, निदान झालेल्या माणसाच्या पाठपुराव्यासाठी. पॅकेजमध्ये घालून ती रस्त्यावरच्या माणसाला विकणं म्हणजे निम्म्या पँटोप्राझोलवाल्यांना ट्यूमरच्या भीतीने रात्रभर जागवणं. असो. माझा रक्तदाब वाढतो.

शनिवारी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा आणि तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा बघा. एक सांगून ठेवते, गोळी सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस छातीत जळजळ उसळेल. त्याच फुगलेल्या ईसीएल पेशी हिस्टामिनचा साठा मोकळा करतात आणि आम्ल उसळी मारतं. लोक म्हणतात, 'बघा, गोळीशिवाय जमतच नाही', आणि पुन्हा सुरू करतात. तेवढे दिवस साध्या अँटासिडवर काढायचे.

दुसरा प्रश्न, तुकड्यात पेशी मोजतात का. नाही. रोजच्या गुलाबी-निळ्या रंगात त्या सहज दिसत नाहीत. एखादी दिसलीच तर ओळखायची खूण अशी, की तिचे लालसर दाणे पेशीच्या तळाशी, म्हणजे रक्तवाहिनीच्या बाजूला असतात. आतड्यात तिच्या शेजारी असणाऱ्या पॅनेथ पेशीचेही दाणे लाल, पण ते वरच्या बाजूला, आतड्याच्या पोकळीकडे. विद्यार्थ्यांना मी सांगायचे, पॅनेथ दारातून माल टाकते आणि ही परसातून देते. नीट बघायच्या असतील तर क्रोमोग्रॅनिनचा वेगळा रंग लावावा लागतो. मग निळसर अस्तरात मध्येच एखादी तपकिरी पेशी उठून दिसते, सुरईसारखी, खाली पोट आणि वर निमुळती मान. शंभर पेशींत जेमतेम एक. इतक्या विरळ की नेम न धरता घेतलेल्या एका तुकड्यावरून कमी की जास्त हे सांगणं म्हणजे एका स्टॉपवरचे प्रवासी मोजून डेपोचं उत्पन्न काढणं.

त्यांचा शोध जुना आहे. १८७० मध्ये ब्रेस्लाउच्या हायडेनहाइनला जठराच्या अस्तरात क्रोमियमच्या क्षारांनी पिवळ्या होणाऱ्या पेशी दिसल्या. १८९७ मध्ये खारकोव्हच्या कुलचित्स्कीने आतड्यातल्या तशाच पेशींचं वर्णन केलं. त्या काय करतात हे कळायला आणखी ४० वर्षं गेली. इटलीत एर्स्पामेरने त्या पेशींतून एक द्रव्य काढलं, त्याने स्नायू आकसतो हे दाखवलं आणि नाव ठेवलं एंटेरामिन. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलंडला १९४८ मध्ये रक्ताच्या सीरममधून एक द्रव्य वेगळं केलं गेलं, त्याचं नाव सेरोटोनिन. १९५२ मध्ये कळलं की दोन्ही एकच. म्हणजे लोक ज्याला मेंदूचं 'आनंदाचं हार्मोन' म्हणून फॉरवर्ड करतात, ते सापडलं पोटात. आजही शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन ह्याच पेशी बनवतात. ते मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळं खाऊन मन प्रसन्न होतं म्हणणाऱ्यांनाही तेच उत्तर.

आता तुमचा खरा प्रश्न, मन आणि संडास. तुमचं नावच डबलबेल आहे, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. आतड्यातल्या ह्या क्रोमियमने रंगणाऱ्या, म्हणजे एंटेरोक्रोमाफिन पेशी म्हणजे दोरी ओढणारा कंडक्टर. घास पुढे आला, अस्तरावर दाब पडला किंवा झोंबणारं काही लागलं, की पेशी तळातून सेरोटोनिन सोडते. ती घंटी. पलीकडे मज्जातंतूंची टोकं असतात, ते ड्रायव्हर. घंटी ऐकून ते स्नायूंना आकसायला लावतात, पाणी सुटतं, माल पुढे सरकतो. घंटीचा नाद जिथल्या तिथे विरावा म्हणून अस्तरात सेरोटोनिन परत ओढून घेणारा पंप असतो. आयबीएसमध्ये ह्या साखळीत तीन ठिकाणी बिघाड सापडलाय. कुणाच्या पेशी वाजवी कारणाशिवाय घंटी मारतात, कुणाचा पंप सुस्त असल्याने नाद रेंगाळतो (हे काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही), आणि कुणाच्या ड्रायव्हरचे कान इतके तिखट झालेत की त्याला टाचणी पडली तरी डबल बेल ऐकू येते. हा तिसरा प्रकार म्हणजे दुखणं. जुलाब आणि कळ हे दोन वेगळे धागे आहेत, हे लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या वेळी लागेल.

भीतीचं म्हणाल तर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेत उंदराच्या ह्याच पेशी एकेक करून तपासल्या. त्या झोंबणाऱ्या रसायनांना दाद देतात, जंतूंनी बनवलेल्या काही आम्लांना देतात, आणि नॉरॲड्रेनालिनलाही देतात. नॉरॲड्रेनालिन म्हणजे घाबरल्यावर मज्जातंतूंतून सुटणारं द्रव्य. उंदरावरून माणसाकडे एकदम उडी मारायची नाही, पण तार कुठून जाते ते तरी दिसलं. तुम्ही मशीन गळ्यात अडकवता, मनात येतं 'आता कवठेमहांकाळपर्यंत निभेल का', आणि खाली कुणीतरी दोरी ओढतो. दुखणं मनाचं म्हणणाऱ्याने अर्धंच सांगितलं. (हाच ज्युलियस, ज्याला मिरचीची आग कुठल्या दारातून आत शिरते हे शोधल्याबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं. सांगली-कोल्हापूरकरांनी त्याचा सत्कार करायला हरकत नाही.)

मुलीने वाचलं ते बहुधा नॉर्वेतल्या मॅग्दी एल-सल्ही यांचं काम. त्यांनी आयबीएसच्या रुग्णांच्या जठरापासून गुदाशयापर्यंतच्या तुकड्यांत ह्या पेशी मोजल्या. जठरात भूक लावणाऱ्या घ्रेलिनच्या पेशी बद्धकोष्ठवाल्यांत कमी आणि जुलाबवाल्यांत जास्त सापडल्या. पण त्याच रुग्णांच्या रक्तातलं घ्रेलिन निरोगी माणसांएवढंच निघालं. हे वाक्य दोनदा वाचा. पेशींची संख्या बदललेली असूनही रक्ताला पत्ता नाही. ह्या पेशींचं बरंचसं बोलणं शेजाऱ्याशी असतं, जागच्या जागी. म्हणून तुमचं सेरोटोनिन 'नॉर्मल' आलं त्यालाही अर्थ नाही. रक्तातलं जवळपास सगळं सेरोटोनिन प्लेटलेट्सच्या पोटात भरलेलं असतं. साडेचार हजारांत तुम्ही प्लेटलेट्सची कोठी मोजून घेतलीत.

उलट इंग्लंडात नॉटिंगहॅमला, अन्नातून कॅम्पिलोबॅक्टर जंतू होऊन गेलेल्यांच्या गुदाशयात ह्या पेशी वाढलेल्या दिसल्या. एकीकडे कमी, एकीकडे जास्त. तेव्हा 'कमी झाल्यात, वाढवा' असा सरळ हिशोब नाही. अस्तराच्या पेशी सतत मरतात आणि खालच्या मूळपेशींतून नव्या येतात, त्यातल्या किती हार्मोनवाल्या व्हायच्या हे जंतू, सूज, खाणं यांवर हलतं. नॉर्वेच्याच गटाने आहार बदलल्यावर ह्या पेशींची संख्या निरोग्यांच्या जवळ सरकल्याचं दाखवलंय, पण रुग्ण थोडे होते. दुसऱ्याची विष्ठा आतड्यात सोडण्याचा २०२० चा प्रयोगही त्यांचाच, १६५ रुग्ण. ६० ग्रॅम विष्ठा दिलेल्यांत ८९ टक्के सुधारले, खोट्या उपचारात २४ टक्के. आकडे डोळे दिपवतात, पण दाता एकच निवडलेला माणूस होता आणि इतर ठिकाणच्या प्रयोगांत इतकं यश आलेलं नाही. पॅकेज विकणाऱ्याच्या हातात हे लागायला नको.

आता तुम्ही मला सांगा. वजन उतरलंय का? संडासातून रक्त? रात्री झोपेतून उठून पळावं लागतं का? ताप? हिमोग्लोबिन किती? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? आणि साडेतीन वर्षांपूर्वी हे सुरू झालं, त्याच्या आधी काय झालं होतं?

डबलबेल
बुधवार, रात्री १०:१०

मॅडम, तुमचं लिहिणं मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं. परसातून माल देणारी पेशी ऐकून बायकोपण हसली. घरात हसण्याचा आवाज आठवड्यात पहिल्यांदा.

वजन ६८ वर तिथेच आहे. रक्त नाही, मूळव्याध नाही. रात्री उठावं लागत नाही, हे आज पहिल्यांदाच लक्षात आलं, एकदा डोळा लागला की पहाटेपर्यंत पोट गप्प. ताप नाही. घरात कॅन्सर नाही. हिमोग्लोबिन गेल्या वर्षी १३.६.

सुरू कसं झालं, तर आषाढीच्या जादा गाड्यांवर होतो. तीन दिवस जिथे मिळेल तिथे जेवलो. चौथ्या दिवशी ताप, जुलाब, सलाईन लावावी लागली. आठवड्यात उठलो, पण पोट पहिल्यासारखं कधी झालं नाही. डॉक्टरांना हे सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि मला ते वेगळं दुखणं वाटलं.

आंबटगोड
बुधवार, रात्री ११:४५

डबलबेल दादा, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला, कारण माझी गोष्ट अक्षरशः हीच. फरक इतकाच, माझं लग्नाचं जेवण होतं. पुण्यात आयटीत आहे. जुलाब पाच दिवस, त्यानंतर आयबीएस सहा वर्षं.

याला जुलाबानंतरचा आयबीएस म्हणतात. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जनावरांच्या शेणातले जंतू गेले, दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात दगावले. तिथल्या डॉक्टरांनी नंतर कित्येक वर्षं गावकऱ्यांवर लक्ष ठेवलं. त्या वेळी आजारी पडलेल्यांत दोन वर्षांनी साधारण तिघांत एकाला आयबीएस होता, जे आजारी पडले नाहीत त्यांच्यात दहात एकाला. मला हे कळलं तेव्हा रडू आलं, कारण तोवर मी 'टेन्शन घेणारी' होते.

सूक्ष्मदर्शी ताई, हे बरोबर सांगतेय ना?

खाण्याचं माझ्या अनुभवातून सांगते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाची पद्धत आहे, आतड्यात आंबणाऱ्या साखरा काही आठवडे कमी करायच्या आणि मग एकेक परत आणून बघायच्या. यादी इंग्रजी, सगळी ब्रोकोली-ॲव्होकाडो, वाचून डोकं फिरतं. आपल्या घरात त्याचा अर्थ एवढाच: कांदा, लसूण, गव्हाची पोळी, राजमा-छोले, हरभऱ्याची डाळ, दूध, फणस, जास्त आंबा हे बाजूला. ज्वारीची भाकरी, तांदूळ, भेंडी, वांगं, दुधीचा छोटा वाटा, शेंगदाण्याची चटणी (बिनलसणाची!), अंडं, मासे चालतात. तुमच्याकडे ज्वारी घरचीच असेल. कांदा-लसणाशिवाय आमटी कशी करायची याला सासूबाईंचं उत्तर होतं, 'चातुर्मासात आम्ही काय उपाशी मरतो?' चातुर्मासाचा स्वयंपाक म्हणजे अर्ध मोनॅश. फक्त साबुदाणा खिचडीत तूप बेताने, तेलातुपाने मला वेगळी कळ येते.

सहा आठवड्यांच्या वर कडक पाळू नका. मी आठ महिने पाळलं, ११ किलो उतरले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, सकाळी ७:१५

आंबटगोड, अगदी बरोबर. मी नॉटिंगहॅमचं जे लिहिलं ते ह्याच प्रकारच्या रुग्णांचं. जंतू जातो, पण सूज मागे थोडी धुगधुगत राहते, आणि तिच्यामुळे दोरी ओढणारे हात वाढतात.

मास्तर, ही आषाढीची हकीकत शनिवारी पहिल्या वाक्यात सांगा. रात्रीची झोप न मोडणं, वजन टिकणं, रक्त नसणं ही सगळी चांगली लक्षणं. तरी डॉक्टरांना तीन-चार साध्या तपासण्यांबद्दल विचारा: हिमोग्राम, थायरॉइड, गव्हाच्या ॲलर्जीसाठी लोक करतात ती टीटीजी (ॲलर्जी हा शब्द चुकीचा आहे, सीलिएक म्हणायला हवं, गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याचं अस्तर खराब होतं तो आजार), आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन. शेवटची आतड्याला खरी सूज आहे का ते सांगते. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो, तो विसरून चालत नाही. सगळ्यांची बेरीज तुमच्या पॅकेजपेक्षा कमी होईल.

औषधांचं थोडक्यात. ड्रायव्हरच्या कानात कापूस घालणारं औषध आहे, ऑन्डॅनसेट्रॉन, तीच उलटीवरची गोळी. सेरोटोनिन ज्या कुलपात बसतं त्यातलं एक ती बंद करते. नॉटिंगहॅमलाच १२० जुलाबवाल्यांवर करून पाहिलं, निकाल २०१४ चा: संडास बांधून झाला, घाई कमी झाली, पण दुखण्यावर म्हणावा तसा फरक नाही. म्हणून म्हटलं होतं दोन धागे वेगळे. जोराच्या भावंडाचा किस्साही ऐकून ठेवा. अलोसेट्रॉन अमेरिकेत २००० च्या फेब्रुवारीत बाजारात आलं आणि नोव्हेंबरात परत घेतलं गेलं, कारण काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठा अडून पोट चिघळलं. दोन वर्षांनी कडक अटींवर परत आलं. घंटी अजिबातच ऐकू न येणारा ड्रायव्हरही कामाचा नाही.

दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत, १० मिलिग्रॅमपासून. हे डिप्रेशनचं औषध म्हणून केमिस्ट भुवया उंचावेल, दुर्लक्ष करा. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये साध्या दवाखान्यांतल्या ४६३ रुग्णांवर तपासून झालंय आणि उपयोग झालाय. सकाळी सुस्ती येऊ शकते, म्हणून पहिला डोस सुट्टीच्या आदल्या रात्री. यातलं काहीही स्वतःहून दुकानातून आणू नका.

निवांत७१
गुरुवार, सकाळी ८:००

ताई, म्हणजे अनुलोम-विलोम फुकट गेलं म्हणायचं?

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, सकाळी ८:२०

नाही हो काका. नॉरॲड्रेनालिन कमी सुटलं तर दोरीला एक हात कमी लागेल. फक्त ते मास्तरांच्या आजाराऐवजी सांगू नका, आजारासोबत सांगा.

डबलबेल
सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, कारण शेवट न सांगता गायब होणाऱ्यांचा मलाच राग येतो.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पँटोप्राझोल बंद. पहिले नऊ दिवस छातीत निखारा ठेवल्यासारखं झालं. मॅडमनी आधी सांगितलं नसतं तर तिसऱ्या दिवशीच पुन्हा सुरू केली असती. साडेतीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये फक्त क्रोमोग्रॅनिन पुन्हा केलं: ७१. त्या पोराला म्हटलं, हे पण ठळक अक्षरात छाप की. कॅल्प्रोटेक्टिन ३८, म्हणजे मर्यादेत, टीटीजी निगेटिव्ह, थायरॉइड ठीक.

खाण्याचं बायकोने मनावर घेतलं. पाच आठवडे कांदा-लसूण बंद, दोन्ही वेळा भाकरी, पहाटेचा चहा कोरा. दुसऱ्या आठवड्यात तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या. मग एकेक परत आणून पाहिलं. पोळी दोन खाल्ल्या तर काही होत नाही, चारला फुगतं. दुधाचा चहा अर्धा कप चालतो. कांद्याने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब मागितला. कच्चा कांदा आणि भाकरी सुटली याचं दुःख कुणाला सांगू.

ऑन्डॅनसेट्रॉन डॉक्टरांनी ड्युटीच्या दिवशी सकाळी ४ मिलिग्रॅमची एक अशी दिली. पहिल्या आठवड्यात दोन दिवस संडासलाच झाली नाही, मग एक दिवसाआड केली. घाई खरंच कमी आहे. कळ अजून येते, आठवड्यातून एक-दोनदा, पण आली की मला कळतं, ही घंटी आहे, गाडी सुटणार असं नाही. निम्म्या वेळा बसल्या जागी जिरते. रात्रीची गोळी महिनाभर थांबून बघू म्हणाले.

आणखी एक केलं. ज्या ड्रायव्हरसोबत पाच वर्षं गाडी करतोय त्याला पहिल्यांदा खरं सांगितलं. तो म्हणाला, 'मास्तर, मला वाटायचं तुमचं नागज फाट्यावर काहीतरी लफडं आहे.' आता सांगोल्याला तो स्वतःच हँडब्रेक ओढून पाच मिनिटं टायर बघत उभा राहतो.

मुलीने तिच्या प्रोजेक्टला ह्याच पेशी घेतल्यात. कॉलेजात तो रंग मिळत नाही म्हणून चित्र काढून नेलं, सुरईसारखं.

एक प्रश्न राहिला. लसणाऐवजी फोडणीत हिंग घालतोय, पण हिंगात गव्हाचं पीठ असतं असं कुणीतरी म्हणालं. मग तो चालतो का?

आंबटगोड
रविवार, रात्री १०:०५

चालतो. डबीच्या मागे घटक छापलेले असतात. पावडरीत गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ आणि डिंक असतोच, पण तुम्ही घालणार चिमूटभर. त्यातल्या पिठाने काही होत नाही, दोन पोळ्या पचतायत ना तुम्हाला. खटकत असेल तर खडा हिंग आणा आणि तापल्या तेलात आधी टाका, लसणाच्या आधी टाकायचा तसाच. नुसता हिंग-जिऱ्याचा भात करून बघा, वर ताक घेऊ नका मात्र.